‘नसता उद्योग’ म्हणण्यापूर्वी



शाळाभेटीच्या निमित्ताने वर्गात मागे बसलो असता एक वाक्य वारंवार कानी पडते. एखादा मुलगा रिकाम्या काडेपेटीला दोरा बांधून काही खटपट करीत असतो, एखादी मुलगी पट्टीला रबराची चकती गुंडाळून काही तरी जुळवू पाहत असते, आणि फळ्याजवळून आवाज येतो, “काय नसता उद्योग चालला आहे?” हे वाक्य मी स्वतःही माझ्या अध्यापनकाळात असंख्य वेळा उच्चारले आहे. त्यामागे नेहमी राग असतो असे नाही. पुष्कळदा केवळ घाई असते. पाठ पुरा करावयाचा असतो, दोन इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या असतात, आणि मुलाच्या हातातील वस्तूकडे क्षणभर निरखून पाहण्यास सवड नसते.

या नसत्या उद्योगाचा थोडा शांतपणे विचार करावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. दैनंदिन जीवनातील साध्या अडचणींवर माणसाने ज्या विचित्र पण कल्पक वस्तू घडविल्या, त्यांची काही उदाहरणे प्रथम पाहू. आणि मग आपल्या वर्गाकडे वळू.

चिंदोगु : एक जपानी प्रकार

जपानी भाषेत ‘चिन्’ म्हणजे विलक्षण, चमत्कारिक. आणि ‘दोगु’ म्हणजे साधन किंवा अवजार. या दोहोंपासून ‘चिंदोगु’ हा शब्द झाला. तो रूढ करणारे गृहस्थ म्हणजे केंजी कावाकामी. टपालाने घरबसल्या माल मागविण्याची जी मासिके असतात, तशा एका मासिकाचे ते संपादक होते. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्या मासिकातील मोकळ्या राहिलेल्या पानांवर त्यांनी एक गंमत सुरू केली. जी वस्तू कोणालाही मागविता येणार नाही आणि मागविली तरी वापरवणार नाही, अशा स्वतः बनविलेल्या वस्तूंची चित्रे ते तेथे छापू लागले.

त्यांच्या आरंभीच्या वस्तूंपैकी दोन सांगतो. पहिली, डोळ्यांत औषध घालण्याचा चष्मा. औषधाचा थेंब नेमका डोळ्यात न पडता गालावर ओघळतो, हा अनुभव कोणास नाही? कावाकामींनी चष्म्याच्या दोन्ही भिंगांच्या जागी लहान नरसाळी बसविली. थेंब नरसाळ्यात टाकला की तो डोळ्यातच पडावा! दुसरी वस्तू म्हणजे सूर्यप्रकाशावर चालणारी विजेरी. ती उत्तम प्रकाश देते. मात्र जोवर तिच्यावर ऊन पडत आहे तोवरच.

पुढे अशा वस्तूंची मालिकाच तयार झाली. कढत शेवया निवविण्यासाठी जेवणाच्या काड्यांना जोडलेला चिमुकला पंखा; सतत नाक वाहणाऱ्या माणसासाठी डोक्यावर कागदाची गुंडाळी बसविलेली टोपी; गोंदाच्या कांडीप्रमाणे फिरवून वर काढावयाची लोण्याची कांडी; पावसात बुटांची टोके भिजू नयेत म्हणून त्यांवर उभारलेल्या इवल्याशा छत्र्या. रांगणाऱ्या बाळासाठी एक झबलेही आहे. त्याच्या हातापायांशी जमीन पुसण्याच्या दशा लावलेल्या आहेत. बाळ घरभर रांगत जाईल आणि फरशीही पुसली जाईल, अशी योजना!

या वस्तू पाहून हसू येते. पण त्यांना निव्वळ थट्टा म्हणता येत नाही. प्रत्येक वस्तूच्या मुळाशी असलेली अडचण अगदी खरी आहे, आणि त्यावर योजलेला उपायही तर्काला धरून आहे. घोटाळा होतो तो निराळ्याच ठिकाणी. एक अडचण दूर करताना ती वस्तू दुसरी, अधिक मोठी अडचण उत्पन्न करते. नाक पुसण्याची सोय झाली, पण डोक्यावर कागदाची गुंडाळी घेऊन बाजारात जाण्याचे धैर्य कोठून आणावयाचे? रोगापेक्षा औषध जालीम, अशी ही अवस्था होय.

चिंदोगुचे नियम

कावाकामी व त्यांचे सहकारी यांनी या प्रकाराचे दहा नियम ठरविले आहेत. त्यांतील काही शिक्षकाच्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहेत.

वस्तू केवळ कल्पनेत किंवा कागदावर असून चालत नाही. ती प्रत्यक्ष तयार झाली पाहिजे, हातात धरता आली पाहिजे. मगच ती निरुपयोगी आहे असे म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. ती रोजच्या जीवनातील साधन असली पाहिजे, म्हणजे कोणत्याही देशातील माणसास तिचे प्रयोजन न सांगता उमगेल. ती विकावयाची नाही, व तिचे पेटंटही घ्यावयाचे नाही. केवळ हसविणे हा तिचा एकमेव हेतू असता कामा नये. अडचण सोडविण्याचा प्रामाणिक प्रयत्न हाच मूळ हेतू, हसू हे त्याचे उपफल. आणि अखेरचा नियम असा की, कोणाही माणसाविषयी तीत पूर्वग्रह नसावा. लहानथोर, गरीबश्रीमंत सर्वांना ती सारखीच उपभोगिता यावी.

एखादी वस्तू का बनविली, हे ज्यास पाहताक्षणीच कळते, त्यास दुसऱ्याची अडचण कळलेली असते. चिंदोगुचे खरे शिक्षणमूल्य येथे आहे. हसण्याच्या निमित्ताने का होईना, मनुष्य दुसऱ्याच्या गैरसोयीकडे बारकाईने पाहू लागतो.

हसण्यावारी नेलेली काठी

परंतु कोणती वस्तू कायमची हास्यास्पद आणि कोणती उद्या घरोघर जाणारी, हे आज ठरविणे किती कठीण आहे, याचे एक बोलके उदाहरण याच जपानी प्रकारात सापडते.

कावाकामींच्या वस्तूंचे एक पुस्तक १९९५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यात १०१ वस्तू आहेत. त्यांपैकी एक म्हणजे टोकाला कॅमेरा बसविलेली काठी. हातात काठी धरून माणसाने आपलेच छायाचित्र आपणच काढावयाचे. पुस्तकातील इतर वस्तूंप्रमाणे वाचकांनी हिच्याकडेही पाहिले आणि ते हसले.

वास्तविक अशी लांब होणारी काठी त्यापूर्वीच जपानमध्ये तयार झाली होती. मिनोल्टा या कॅमेरे बनविणाऱ्या कंपनीतील अभियंता हिरोशी उएदा यांनी ती १९८० नंतरच्या दशकात बनविली व तिचे पेटंटही घेतले. प्रवासात पतिपत्नीचे एकत्र छायाचित्र काढावयाचे तर कॅमेरा परक्याच्या हाती द्यावा लागतो, ही त्यामागील अडचण होती. बाजारात ती वस्तू फारशी चालली नाही. पुढे भ्रमणध्वनीतच कॅमेरा आला, आणि तीच काठी ‘सेल्फी स्टिक’ या नावाने जगभर पसरली. २०१४ साली ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्कृष्ट शोधांच्या यादीत तिचा समावेश केला. आपल्याकडील जत्रांत व लग्नसमारंभांतही ती आपण पाहिली आहे.

काठी तीच होती. एकोणीस वर्षांपूर्वी ती हसण्याच्या पुस्तकात होती, आणि नंतर ती शोधांच्या यादीत गेली. दरम्यान बदलली ती भोवतालची परिस्थिती.

वाकणारी नळी

दुसरे उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातील आहे. १९३० नंतरच्या दशकात जोसेफ फ्रीडमन नावाचे गृहस्थ आपल्या भावाच्या शीतपेयांच्या दुकानात बसले होते. त्यांची लहान मुलगी उंच गाद्यासमोर बसून कागदाच्या सरळ नळीने मिल्कशेक पिऊ पाहत होती. नळी सरळ, पेला उंच, मूल लहान. त्यामुळे तिचे तोंड काही केल्या नळीपर्यंत नीट पोचेना.

असे दृश्य आपण पाहिले असते तर काय केले असते? बहुधा मुलीलाच “नीट बस” असे सांगितले असते. फ्रीडमन यांनी मुलीस काही सांगितले नाही. त्यांनी नळीकडे पाहिले. एक स्क्रू घेऊन तो नळीच्या आत सारला. स्क्रूच्या आट्यांत बसेल अशा रीतीने नळीवरून दात साफ करण्याचा दोरा आवळून गुंडाळला. नंतर दोरा सोडून स्क्रू काढून घेतला. कागदावर आट्यांच्या वळ्या उमटल्या, आणि त्या जागी नळी न मिटता वाकू लागली. या युक्तीचे पेटंट त्यांना १९३७ साली मिळाले.

यापुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. नळ्यांचे उत्पादन सुरू झाल्यावर १९४७ साली तिची पहिली विक्री झाली ती एका रुग्णालयास. अंथरुणावर पडून असलेल्या रोग्यास मान न उचलता पाणी पिता येऊ लागले. लहान मुलीची अडचण आणि आजारी माणसाची अडचण मुळात एकच होती. पण ती मुलीच्या निमित्ताने प्रथम दृष्टीस पडली. लहानांची अडचण क्षुल्लक मानून सोडून देणारा मनुष्य मोठ्यांच्याही अनेक अडचणींवरील उपाय गमावून बसतो, असा याचा अर्थ आहे.

माझ्या वर्गातील एक दोरी

आता स्वतःचा एक अनुभव सांगतो. तो भूषणावह नाही. तथापि तो सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

१९९६ साली मी एका वाडीवरील शाळेत शिक्षक होतो. नोकरीस नुकतीच सुरुवात झाली होती. तिसरीत एक मुलगी होती. तिची आई खुरपणीस जाई, आणि आठ महिन्यांच्या धाकट्या भावास सांभाळण्याचे काम तिच्याकडे असे. वाडीत त्या वेळी अंगणवाडी नव्हती. म्हणून ती त्याला कडेवर घेऊन शाळेत येऊ लागली.

काही दिवसांनी तिने एक व्यवस्था केली. पडवीच्या वाशाला आईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. झोळीला एक सुतळी बांधून ती दाराच्या उंबऱ्यावरून आत आणली, आणि तिचे टोक आपल्या उजव्या पायाच्या अंगठ्यास बांधले. वर्गात दाराजवळ बसून ती पाटीवर लिही आणि पायाने झोळी हलवी. सुतळीच्या मध्यावर तिने फुटक्या बांगड्यांचे चार तुकडे ओवले होते. बाळ झोपले की ती पाय थांबवी. आणि पाय थांबलेला असताना तुकडे किणकिणले की बाळ जागे झाले, हे तिला मान न वळविता समजे.

एके दिवशी तपासणीसाठी साहेब येणार असल्याचा निरोप आला. मला ती झोळी व ती दोरी बेशिस्तीची वाटली. भर वर्गात मी म्हणालो, “शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे. हे नसते उद्योग घरी करावेत.” मुले हसली. तिने काही उत्तर दिले नाही. अंगठ्याची सुतळी सोडली, नीट गुंडाळून दप्तरात ठेवली, आणि बाळाला उचलून ती निघून गेली. साहेब आले, दप्तर तपासून तासाभरात परतले. पडवीकडे त्यांनी पाहिलेही नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठवड्याने मी तिच्या घरी गेलो व बाळाला घेऊन ये असे सांगितले. दाराआडून ती एवढेच म्हणाली, “गुरुजी, मुलं हसतात.” मध्यंतरी ती काही दिवस आली, काही दिवस आली नाही; आणि दिवाळीच्या सुटीनंतर मुळीच आली नाही. हजेरीपटावर वर्षअखेरपर्यंत तिचे नाव होते, व त्यापुढे गैरहजेरीच्या खुणा करणारा हात माझा होता.

पुढे अनेक वर्षांनी चिंदोगुची चित्रे पाहण्यात आली. बाळाच्या झबल्याला लावलेल्या त्या दशा पाहून प्रथम मी हसलो. आणि लगेच मला ती सुतळी आठवली. एका लहान मुलीने कोणाचेही साहाय्य न घेता, एक पैसा खर्च न करता, बाळ सांभाळणे व शिकणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या होत्या. बाळाची सूचना आत आणणे आणि पायाचा झोका बाहेर पोचविणे, ही दोन्ही कामे ती एकच दोरी करीत होती. मी मात्र ती दोरी सोडविली, आणि तिच्याबरोबर त्या मुलीची शाळाही सुटली.

तीन प्रश्न

या अनुभवानंतर मुलाच्या हातात एखादी चमत्कारिक वस्तू दिसली की मी स्वतःस तीन प्रश्न विचारतो. आपणही ते विचारून पाहावेत, अशी विनंती आहे.

पहिला प्रश्न : ही वस्तू कोणाची व कोणती अडचण दूर करण्यासाठी आहे? हे ताडण्याचा प्रयत्न न करता मुलासच विचारावे. “हे काय आहे?” असे विचारले असता मूल गप्प बसते. “हे कशासाठी केलेस?” असे विचारले असता ते बोलू लागते.

दुसरा प्रश्न : वस्तू प्रत्यक्ष चालते काय? चालत नसेल तर कोठे अडते? येथे शिक्षकाने दुरुस्ती करून देऊ नये. अडण्याचे ठिकाण मुलाकडूनच शोधवून घ्यावे.

तिसरा प्रश्न : तिच्यामुळे नवी अडचण कोणती उत्पन्न होते, आणि ती मूळ अडचणीहून मोठी आहे की लहान?

त्या मुलीच्या दोरीस हे तीन प्रश्न लावून पाहा. अडचण खरी होती. उपाय चालत होता. नवी अडचण म्हणाल तर दाराजवळ थोडी किणकिण होत होती. एका मुलीच्या शिक्षणापुढे ती अडचण किती लहान, हे मोजण्याची बुद्धी त्या दिवशी मला झाली नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वर्गातील प्रत्येक चाळा हा शोध असतो, असे माझे म्हणणे नाही. काही चाळे हे निव्वळ चाळेच असतात, आणि शिक्षकाने ते थांबविणे योग्यच होय. परंतु थांबविण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

वर्गात करावयाचा उपक्रम

कार्यानुभवाच्या तासिकेत तिसरी ते पाचवीच्या मुलांकडून पुढील उपक्रम चार आठवड्यांत करवून घेता येईल.

पहिल्या आठवड्यात मुलांनी घरी, शेतावर व शाळेत दिसलेल्या अडचणी गोळा कराव्यात. अडचण स्वतःचीच असावी असे नाही. आजीला सुईत दोरा ओवता येत नाही. पाण्याची कळशी नळाखाली तिरपी होते. खडूचा तुकडा लहान झाला की बोटांत धरवत नाही. अशा गोष्टी वहीत एकेका वाक्यात लिहाव्यात. हा मराठी लेखनाचाही उत्तम सराव होतो.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक गटाने एक अडचण निवडून उपायाचे चित्र काढावे. चित्रात मापे लिहावीत. उपाय विचित्र वाटला तरी हरकत घेऊ नये; उलट मुलांना मोकळेपणी हसू द्यावे. मात्र हसणे वस्तूला असावे, ती करणाऱ्या मुलास नसावे. ही मर्यादा शिक्षकाने प्रथमच स्पष्ट करावी व कटाक्षाने सांभाळावी.

तिसऱ्या आठवड्यात वस्तू प्रत्यक्ष तयार करावी. साहित्य विकत आणू नये. रिकामे डबे, काड्या, सुतळी, नारळाची करवंटी, जुन्या चपलेचे रबर, सायकलची टाकाऊ नळी एवढे पुरे होते. या बाबतीत पुण्याशी दीर्घकाळ निगडित असलेले अरविंद गुप्ता यांचे कार्य आपणांस मार्गदर्शक ठरेल. १९७८ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करीत असताना त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या झडपेवर बसविण्याची बारीक रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृती बनविण्याची युक्ती शोधली. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण मात्र आपला आकार सोडीत नाही. ही गोष्ट मूल बोटांनी अनुभवते. पुढे पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी तयार केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. आगकाड्या वापरताना त्यांची गुले आधी शिक्षकाने काढून टाकावीत, व पाते किंवा सुरी मुलांच्या हाती देऊ नये.

चौथ्या आठवड्यात वस्तू मांडाव्यात आणि प्रत्येक वस्तूस वरील तीन प्रश्न लावून वर्गात चर्चा घडवावी. क्रमांक काढू नयेत, बक्षिसे देऊ नयेत. फसलेली वस्तूही मांडावी आणि ती का फसली हे करणाऱ्यानेच सांगावे. शक्य तेथे वस्तू ज्याच्यासाठी केली त्याच्या हाती देऊन पाहावी. आजीसाठी केलेल्या साधनाची परीक्षा आजीच उत्तम करील.

समारोप

या उपक्रमातून मोठे संशोधक निर्माण होतील, अशी आशा दाखविण्याचा माझा हेतू नाही. मुलाने भोवतालची अडचण पाहावी, ती सोसत न बसता हात चालवावा, आणि आपल्या चुकीला आपणच हसावे, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. शिक्षकाच्या दृष्टीने लाभ आणखी निराळा आहे. मुलाची वस्तू पाहताना त्याच्या घरची परिस्थिती आपोआप कळते. जी गोष्ट मूल तोंडाने कधी सांगणार नाही, ती त्याच्या हातची दोरी सांगून जाते.

आपापल्या शाळेत अशा कोणत्या वस्तू आढळल्या, याची नोंद एका वहीत ठेवावी व केंद्रातील पुढील शिक्षण परिषदेस ती वही सोबत आणावी. मुलाचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. अडचण कोणती होती, उपाय कोणता केला, आणि तो पाहून आपण प्रथम काय म्हणालो, एवढे लिहावे. तिसरा रकाना कोणी रिकामा ठेवू नये. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या रकान्यात काय लिहिलेले आहे, हे आपणांस आता ठाऊक आहेच.